ठाण्याहून म्युनिकला सहा महिन्यांसाठी: तीन लिटरचा स्टीलचा कुकर न्यावा का?

ऐरोली, घणसोली किंवा घोडबंदर रोडच्या कंपनीतून कुणी सहा महिन्यांसाठी जर्मनीला निघालं की बॅग भरताना घरात एक वाद ठरलेला असतो, कुकर न्यायचा की नाही. आई म्हणते, न्यायचाच. आधी जाऊन आलेला ऑफिसातला मित्र म्हणतो, तिकडे सगळं मिळतं. दोघांचंही खरं आहे. पण आपला कुकर तिथल्या शेगडीवर ठाण्यातल्या गॅससारखा वागत नाही, हे दोघांपैकी कुणी सांगत नाही. पहिल्या आठवड्यात करपलेली खिचडी, कच्चे राहिलेले राजमे आणि मध्येच वाजणारा धुराचा अलार्म हे सगळं त्यातूनच येतं. हॉकिन्सच्या स्टेनलेस स्टील कंटुरा, ३ लिटर, या कुकरचं हे परीक्षण त्या दृष्टीने लिहिलं आहे. शहर म्युनिक घेतलं आहे, पण शेगडीचं सगळं जर्मनीभर लागू पडेल.

आधी निकाल. एकटे किंवा दोघे असाल आणि मुक्काम तीन महिने ते वर्षभर असेल, तर हा कुकर जरूर न्या. तीन आठवडे हॉटेलात राहायचं असेल तर नको. दोन वर्षांहून जास्त राहायचं असेल तर तिथलाच घ्या, त्याबद्दल पुढे येईल.

घेताना

ठाणेकरांना हॉकिन्स घरचाच वाटतो. १९५९ साली सुरू झालेल्या या कंपनीचे कारखाने तीन आहेत, होशियारपूर, जौनपूर आणि आपल्या वागळे इस्टेटमध्ये. तरीही आपुलकीपोटी घरातलाच जुना ॲल्युमिनियमचा कुकर बॅगेत टाकू नका. जर्मनीत भाड्याच्या सुसज्ज फ्लॅटमध्ये गॅस क्वचितच असतो. काचेची इलेक्ट्रिक शेगडी असते किंवा इंडक्शन, जुन्या इमारतीत बिडाच्या तव्यासारख्या प्लेट्सही सापडतात. साधा ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापतच नाही. काळा हार्ड ॲनोडाइज्ड कुकरही इंडक्शनसाठी बनवलेला असेल तरच चालतो, आणि दिसायला दोन्ही सारखेच असतात. फ्लॅटमध्ये कुठली शेगडी आहे हे निघण्यापूर्वी खात्रीने कळत नाही, म्हणून तिन्हींवर चालणारा स्टीलचाच घ्यावा. त्याच्या बुडात स्टीलच्या दोन थरांमध्ये ॲल्युमिनियमचा जाड थर असतो. त्यामुळे उष्णता बुडभर पसरते आणि बाहेरचा थर लोहचुंबकाला चिकटतो.

जांभळी नाका, गोखले रोड किंवा वाशीच्या मार्केटमधून घेत असाल तर फ्रिजवरचं एक चुंबक खिशात ठेवा. ते बुडाला घट्ट चिकटलं पाहिजे, नुसतं रेंगाळून चालणार नाही. मग कुकर दुकानाच्या काचेच्या काउंटरवर ठेवून दोन बोटांनी ढकला. जरा जरी डुगडुगला तर दुसरा मागा. गॅसच्या ज्योतीला बूड सपाट असो नसो, फरक पडत नाही. काचेच्या शेगडीवर मात्र बूड आणि काच यांच्यात हवेची फट राहिली की कुकर तापायला जास्त वेळ घेतो. दुकानदार वैतागतील, वैतागू द्या. आयएसआय मार्कही बघा, भारतीय मानक आयएस २३४७ चा. १ फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती प्रेशर कुकरला तो सक्तीचा आहे, तरी बिनमार्काचा माल अधूनमधून बाजारात दिसतो. किंमत तीन हजारांच्या आसपास धरा.

तीनच लिटर का? दीड लिटरचा बॅगेत छान बसतो, पण त्यात वरण-भात एकदम लागत नाही. पाच लिटरचा जड होतो, आणि छोट्या फ्लॅटमधल्या दोन गोलांच्या शेगडीवर तो ठेवला की शेजारच्या गोलावर कढई मावत नाही. तिथल्या शेगड्यांचे गोल साधारण साडेचौदा, अठरा आणि एकवीस सेंटिमीटरचे असतात. तीन लिटरच्या कुकरचं बूड साडेचौदाच्या गोलावर नीट बसतं.

आता एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. हॉकिन्सचं झाकण आतून लागतं. झाकण तिरकं करून आत सरकवायचं, फिरवायचं आणि वर ओढून हँडल अडकवायचं. वाफेचा दाब झाकणाला आतून वर ढकलतो, त्यामुळे दाब उतरेपर्यंत ते उघडतच नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने ही रचना मला फार आवडते, नवशिक्यासाठी तर हीच. पण यामुळे कुकरचं तोंड पोटापेक्षा अरुंद असतं. घरातला भाताचा डबा पोटात मावेल, तोंडातून मात्र जाणार नाही. म्हणून डबा आणि पाच सेंटिमीटर उंचीचं स्टँड कुकर समोर ठेवूनच घ्या. दोन्ही दुकानातच आत घालून, झाकण लावून बघा. डब्याची कड झाकणाला टेकली तर भात फुगून वाफेचं भोक बुजवतो.

शेगडी: चुकतं ते इथे

आपण शिट्ट्या मोजतो. डाळीला चार, भाताला तीन, छोल्यांना सात. हा हिशोब ठाण्याच्या गॅसचा आहे, कुकरचा नाही. पूर्ण दाब आला की कुकरच्या आत सुमारे १२० अंश सेल्सिअस तापमान असतं, आणि डाळ शिजते ती या तापमानावर किती मिनिटं राहिली यावर. शिट्टी म्हणजे जादा वाफ बाहेर पडणं, एवढंच. मोठ्या ज्योतीवर चार शिट्ट्या चार मिनिटांत होतात, मंद प्लेटवर त्याच चार शिट्ट्यांना पंधरा मिनिटं लागू शकतात. पहिल्या वेळी डाळ अख्खी राहते, दुसऱ्या वेळी तिचा लगदा होतो. म्हणून तिथे शिट्ट्या विसरा आणि मोबाइलवर मिनिटं लावा. पहिली शिट्टी झाली की वेळ सुरू.

काचेच्या साध्या इलेक्ट्रिक शेगडीत काचेखाली तारा लाल होतात. ती तापायला वेळ घेते आणि बंद केली तरी बराच वेळ गरम राहते, म्हणून काचेवर उरलेल्या उष्णतेचा छोटा लाल दिवा असतो. कुकरला हीच अडचण येते. आपण शिट्टीनंतर आच कमी करतो, पण काच त्या गावचीच नसते. ती आणखी दोन-तीन मिनिटं पूर्ण जोराने उष्णता देत राहते, कुकर थयथयाट करतो, पाणी उडून जातं आणि खाली डाळ लागते. उपाय असा. नऊपर्यंत आकडे असलेल्या शेगडीवर नऊवर सुरुवात करा. शिट्टीभोवतून वाफेची सलग बारीक फुरफुर सुरू झाली, म्हणजे पहिल्या शिट्टीच्या दीड-दोन मिनिटं आधी, आकडा पाचवर आणा. शिट्टी झाली की तीनवर. ठरलेल्या वेळेच्या तीन मिनिटं आधी शेगडी बंद करा, उरलेलं काम काच करते. मग कुकर उचलून थंड गोलावर ठेवा. उचलूनच, सरकवून नाही. त्याच गोलावर राहू दिला तर वाफ जिरायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि भाताचा गोळा होतो.

बिडाच्या प्लेटचंही असंच, फक्त तिची खोड अजून जुनी. तिथे आकडा काचेपेक्षा आणखी एक मिनिट आधी उतरवा आणि बंद पाच मिनिटं आधी करा.

इंडक्शन याच्या अगदी उलट आहे. आकडा बदलला की उष्णता त्याच क्षणी बदलते, गॅसपेक्षाही झटकन. इथे घात होतो तो पी किंवा बूस्टच्या बटणाने. त्या जोरावर बूड झटकन तापतं आणि पाणी फिरायला लागायच्या आत डाळ-तांदूळ तळाला चिकटतात, खिचडी तर हमखास. सातवर सुरू करा, शिट्टीनंतर तीन किंवा चार. कमी आकड्यावर काही इंडक्शन शेगड्या सलग मंद चालत नाहीत, चालू-बंद होत राहतात. कुकरची वाफ कधी जोरात, कधी गप्प अशी ऐकू आली तर एक आकडा वाढवा.

दोघांचा एका वेळचा वरण-भात असा लागतो. तळाशी १०० ग्रॅम तूरडाळ धुऊन ३५० मिली पाणी, हळद, हिंग आणि अर्धा चमचा तेल. तेल चवीसाठी नाही, डाळीचा फेस दाबायला. फेस वर चढला की शिट्टीच्या नळीत डाळ अडकते. वर स्टँड, त्यावर डब्यात १०० ग्रॅम तांदूळ आणि २०० मिली पाणी. पहिल्या शिट्टीनंतर दहा मिनिटं, मग वाफ आपोआप जिरू द्यायची. डाळ किंवा खिचडी असताना कुकर अर्ध्याच्या वर भरू नका, बाकी पदार्थांना दोन तृतीयांश ही मर्यादा. पाणी कधीही एका कपाच्या खाली नको, कोरडा पडलेला कुकर सेफ्टी व्हॉल्व्ह उडवतो.

पाणी

ठाणे आणि नवी मुंबईच्या नळाला धरणात साठलेलं पावसाचं पाणी येतं, भातसा किंवा मोरबेचं, तुलनेने मऊ. म्युनिकचं पाणी डोंगरातून, चुनखडीतून येतं. प्यायला उत्तम, पण जर्मन मापाने चौदा अंशांच्या वरचं, म्हणजे ‘कठीण’ वर्गातलं. त्यातलं कॅल्शियम कडधान्याच्या सालीतल्या पेक्टिनला धरून बसतं आणि साल मऊच होत नाही. तूर आणि मूगडाळीला फरक जाणवत नाही, राजमा-छोल्यांना नक्की जाणवतो. ठाण्यात वीस मिनिटांत शिजणारे छोले तिथे तीस मिनिटांनीही दाताखाली येतात आणि दोष बिचाऱ्या कुकरला लागतो. भिजवतानाच चिमूटभर खाण्याचा सोडा घाला. तिथे तो ‘नाट्रोन’ नावाने, केकच्या सामानाच्या फळीवर मिळतो. आठ-दहा तास भिजवून ते पाणी फेका आणि शिजवायला फिल्टरचं किंवा उकळून निवलेलं पाणी घ्या. टोमॅटो, चिंच आणि मीठ शिजल्यावरच.

महिन्याभरात कुकरच्या आत पांढरट पुटं चढतात. घाबरू नका, स्टील खराब झालेलं नाही. सायट्रिक ॲसिडची पूड डेएम किंवा रोसमानच्या दुकानात मिळते. एक लिटर कोमट पाण्यात एक मोठा चमचा, अर्धा तास ठेवून धुवा. उकळू मात्र नका, उकळत्या पाण्यात सायट्रिक ॲसिड आणि चुना मिळून दुसराच न निघणारा थर तयार होतो. रिंग आणि शिट्टी आधी काढून घ्या. शिट्टीच्या नळीत चुना साचतोय का, हे आठवड्यातून एकदा उजेडाकडे धरून आरपार बघायची सवय लावा.

अलार्म, शेजारी, डिपॉझिट

म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बायर्नमध्ये घरात धुराचे अलार्म सक्तीचे आहेत, जुन्या घरांनाही २०१७ अखेरपर्यंत बसवायचे होते. ते झोपायच्या खोलीत आणि जायच्या वाटेवर असतात, स्वयंपाकघरात नसतात. पण तात्पुरत्या मुक्कामासाठी मिळतो तो बहुतेक एका खोलीचा फ्लॅट. तिथे पलंगावरचा अलार्म शेगडीपासून तीन-चार मीटरवर असतो आणि त्याला धूर आणि दाट वाफ यातला फरक कळत नाही. कुकर चिमणीच्या बरोबर खाली ठेवा आणि शिट्टीच्या आधी खिडकी उघडा. नुसत्या चिमणीवर विसंबू नका. पुष्कळ फ्लॅटमध्ये ती हवा बाहेर टाकतच नाही, कोळशाच्या फिल्टरमधून गाळून तीच हवा परत खोलीत सोडते. वास थोडा कमी होतो, वाफ तशीच राहते. मोहरी-हिंगाच्या फोडणीलाही हेच लागू. अलार्मची बॅटरी काढून ठेवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, तो अलार्म तुमच्याच जिवासाठी आहे.

शिट्टीचा आवाज भिंतीपलीकडे जातो. रात्री दहा ते सकाळी सहा ही शांततेची वेळ, काही इमारतींच्या नियमावलीत सातपर्यंत. वर सांगितल्याप्रमाणे आकडे वेळेवर उतरवले तर दहा मिनिटांत दोन-तीनच हलक्या शिट्ट्या होतात, त्याला कुणी हरकत घेत नाही. ऑफिसचा डबा पहाटे साडेपाचला कुकर लावून करायचा बेत मात्र सोडा, रात्री आठला लावा.

खरा खर्च आहे तो काचेचा. स्टीलचा जड कुकर काचेवरून ओढला, त्यात बुडाखाली मिठाचा किंवा रव्याचा एक कण अडकला, की पांढरी रेघ उठते आणि ती जात नाही. उचलताना हातातून सुटला तर काच फुटते आणि मग पूर्ण काचच बदलावी लागते. जर्मन कायद्याने घरमालक तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं डिपॉझिट घेऊ शकतो, नुकसानीची रक्कम त्यातून कापली जाते. किल्ली घेताना घर ताब्यात घेण्याचा जो कागद सही करायला देतात, त्यात शेगडीवरचा प्रत्येक जुना ओरखडा लिहून घ्या आणि काचेवर तिरका उजेड पाडून फोटो काढा. सरळ फोटोत ओरखडे दिसत नाहीत. तिथे बहुतेक जण ‘हाफ्टफ्लिख्ट’ नावाचा विमा घेतात, दुसऱ्याच्या वस्तूच्या नुकसानीसाठीचा. घेताना भाड्याच्या घरातली काच त्यात धरली आहे का, हे विचारा.

सोबत काय, बॅगेत कसं

कुकरबरोबर दोन रिंगा, एक सेफ्टी व्हॉल्व्ह आणि एक शिट्टी जास्तीची न्या. कंपनीच्याच, आणि कुकरचा बॉक्स दाखवून मापाच्या. सुटी रिंग तिथे सहज मिळत नाही, परदेशातून मागवली तर टपालखर्च रिंगेच्या कैकपट होतो. रिंग वापराने कडक होत जाते. कडेने वाफ गळायला लागली तर रिंग पंधरा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवून लावा, एक-दोन वेळा निभावतं. पण ती बदलायची वेळ झाली असं समजा. सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला तर तो बदलाच, आणि आधी शिट्टीची नळी का तुंबली ते शोधा.

कुकर चेक-इन बॅगेतच. २०१३ च्या बॉस्टनमधल्या स्फोटांनंतर हातातल्या बॅगेत कुकर दिसला की विमानतळावर तपासणी होतेच. झाकण वेगळं, भांडं वेगळं ठेवा. पोटात मोजे-टीशर्ट भरा. मसाल्याच्या पुड्या, चार्जर, वायरी त्यात कोंबू नका, स्कॅनमध्ये ते चित्र वाईट दिसतं. रिकामा कुकर दोन किलोच्या आसपास जातो, तो हिशोबात धरा.

घरून तूप, पेढे, खवा, पनीर नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशांना नेता येत नाहीत, तूपही त्यातच येतं. ताजा कढीपत्ता, मिरच्या, आंबे यांना डिसेंबर २०१९ पासून रोगमुक्ततेचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. तिथे लोणी घरी कढवता येतं. मीठविरहित २५० ग्रॅम लोण्याचं साधारण २०० ग्रॅम तूप निघतं. आणि वासावर अलार्मला आक्षेप नसतो!

शनिवारी रात्री उतरत असाल तर एक लक्षात ठेवा, रविवारी दुकानं बंद. बायर्नमध्ये इतर दिवशीही रात्री आठला शटर पडतं. विमानतळावरचं सुपरमार्केट मात्र रविवारीही उघडं असतं. तिथूनच तांदूळ, मीठ, बटाटे, कांदे आणि मसूरडाळ घ्या. मसूर तिथे ‘रोटे लिन्झन’ नावाने सगळीकडे मिळते आणि कुकरमध्ये पाच मिनिटांत होते. तूरडाळ, पोह्यांसाठी मुख्य स्टेशनच्या दक्षिणेकडचे रस्ते, लांडवेअरश्ट्रासे आणि गोएटेश्ट्रासेचा भाग. तुर्की दुकानांत कोथिंबिरीची घसघशीत जुडी, छोले आणि जाडसर बुलगुर मिळतो. बुलगुरचा उपमा बऱ्यापैकी होतो.

तिथला का नाही?

जर्मन प्रेशर कुकर देखणे आणि मजबूत असतात. शिट्टी नसते, दाब दाखवणारी दांडी हळूहळू वर येते आणि आवाज जवळपास नाहीच. शेजाऱ्यांच्या दृष्टीने तो आपल्यापेक्षा सरस आहे, हे मान्य करायला हवं. पण नावाजलेल्या कंपनीचा घेतला तर शंभर युरोच्या पुढे जातो, आणि सहा महिन्यांनी परत आणायला जड. दोन वर्षं राहणाऱ्याने तोच घ्यावा, जुना घेतला तर फारच स्वस्त पडतो, फक्त नवी रिंग घालून. इलेक्ट्रिक राइस कुकर भातापुरता ठीक, त्यात तूरडाळ बोटचेपी होत नाही. घरून इंडक्शनची शेगडी नेऊ नका. व्होल्टेज सारखंच आहे, २३० आणि ५० हर्ट्झ, पण पिन वेगळी. आणि दोन हजार वॅटची शेगडी स्वस्तातल्या प्रवासी अडॅप्टरवर लावली की अडॅप्टर वितळतो. मिक्सरला मात्र अर्थिंग असलेला चांगला अडॅप्टर घेऊन चालतं.

परत निघताना कुकर आणायलाच हवा असं नाही. मागून येणारा सहकारी असतोच, त्याला रिंगा आणि डब्यासकट द्या आणि आकड्यांची चिठ्ठी झाकणाच्या आत चिकटवा: नऊ, फुरफुर झाली की पाच, शिट्टीनंतर तीन, बंद तीन मिनिटं आधी.